लालबागची परमिट रूम, नवा मॅनेजर आणि चकण्याचे साठ रुपये

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. फुटबॉल बघायचा असेल तर बिनधास्त जा. नुसतं प्यायचं असेल तर करी रोड ते चिंचपोकळी पट्ट्यात याहून स्वस्त जागा पैशाला पासरी आहेत. नुसतं जेवायचं असेल तर रविवार सोडून जा, कारण रविवारी भटारखान्याचंही निम्मं लक्ष स्कोअरकडे असतं. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन मॅनेजरचे, अर्धा बोंबलांचा. मालकांच्या वाट्याला काही उरलं नाही.

नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर मालकांबद्दल पुढे बरंच बोलायचंय, आणि दुसरं म्हणजे वरच्या खोलीत टेबलं आधीच कमी आहेत. भारतमाता सिनेमाकडून करी रोड स्टेशनच्या दिशेने चालत निघा. सामना असेल त्या रात्री आवाजावरून सापडेल. सामना नसेल तर शोधूच नका.

जागा कशी आहे? खाली परमिट रूम, पंख्याची. भिंतीभर आरसे, गल्ल्याच्या मागे हार घातलेले देव आणि त्यांच्या डोक्यावर टीव्ही. वर एसी फॅमिली रूम. बाईमाणूस दारात दिसलं की वेटर काही न विचारता जिन्याकडे बोट दाखवतो. मला खाली बसायला हरकत नसते, पण वर बाथरूमला कडी आहे आणि दिवाही आहे, म्हणून मी वरच जाते. मुलींनो, हे वाक्य लक्षात ठेवा, बाकी परीक्षण वाचलं नाहीत तरी चालेल. सामन्याच्या रात्री वर बहुतेक आम्हीच असतो: मी, माझा दादा, त्याचे ऑफिसातले दोघं, कोपऱ्यातल्या टेबलावरचे लिव्हरपूलवाले काका आणि एखादं कुटुंब, जे बिचारं चिकन बिर्याणी खायला आलेलं असतं आणि आमची तोंडं बघत बसतं.

या वरच्या खोलीचा एक जुना रोग होता. खालचा टीव्ही केबलच्या डब्यावर चालायचा आणि वरचा वायफायवर, ॲपमधून. ॲपचं चित्र नेहमी मागे. म्हणजे वर आमच्या मँचेस्टर युनायटेडचा ब्रूनो फर्नांडिस पेनल्टीसाठी बॉल ठेवून मागे सरकत असायचा आणि खालून टेबलं बडवल्याचा आवाज यायचा. 15 डिसेंबर 2024 ला मँचेस्टर सिटीविरुद्ध अमाद डियालोने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला, तो आम्हाला आधी जिन्यातून ऐकू आला. मग सगळे जण गप्प बसून, गोल होणार हे माहीत असताना, गोल व्हायची वाट बघत होतो. पैसे देऊन घेतलेला असला छळ मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

जुन्या मॅनेजरकडे ही तक्रार किती वर्षं केली असेल. ते गालात हसायचे आणि "बघू या" म्हणायचे. पण त्यांचा रुबाब असा, की कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. गल्ल्यावर बसल्या बसल्या कुणाचा पेग कितवा, कुणाच्या घरी आज काय झालंय, कुणाला आता टॅक्सीत बसवायला हवं, सगळं त्यांना ठाऊक. पोरं त्यांना फर्ग्युसन म्हणायची. दिवाळीनंतर ते गावी गेले ते गेलेच. त्यांच्या जागी अंधेरीच्या कुठल्याशा हॉटेलातून नवा माणूस आला, आणि त्याच महिन्यात तिकडे ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर, मॅनेजर टेन हागच्या जागी रुबेन आमोरी रुजू झाला. पोरांना आयतंच सापडलं. नव्या मॅनेजरचं नाव पहिल्याच आठवड्यात 'मोयेस' पडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फर्ग्युसन हा युनायटेडचा जुना मॅनेजर, 2013 मध्ये निवृत्त झाला, जाता जाता डेव्हिड मोयेसला स्वतः निवडून गेला, सहा वर्षांचा करार झाला आणि दहा महिन्यांत त्याला नारळ दिला. तेव्हा हे नाव काही प्रेमाने ठेवलेलं नव्हतं.

माणूस पन्नाशीचा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं कमी. फुटबॉलशी त्याचं काही देणंघेणं नाही, तो कबड्डीवाला. पण त्याने आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत एक काम केलं. केबलवाल्याला बोलावून दुसरा डबा घेतला आणि तळमजल्यावरून वायर वर आणली. काळी वायर जिन्याच्या कठड्याला पार्सलच्या रबरबँडनी बांधलेली आहे, दर दोन पायऱ्यांना एक. दिसायला भयंकर. पण आता वरची आणि खालची आरोळी एकाच वेळी उठते. दादाने त्या दिवशी बिलावर टिप ठेवली, आणि दादाला ओळखणाऱ्यांना यातलं गांभीर्य कळेल.

शिवाय गल्ल्याच्या बाजूला कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागे तो आठवड्याचे सामने स्वतः लिहून लावतो, निळ्या पेनाने. 'मँचे. – न्यूकॅ., रवि., रात्री 9.' विलायतेतली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि आपल्याकडे सामना तासभर आधी दिसायला लागतो, हे इतकी वर्षं बघूनही आमच्यातल्या निम्म्यांना दर वेळी नव्याने कळतं. 2025 मध्ये त्याने आठवडाभर आधी सांगितलं, "ताई, पुढच्या रविवारपासून एक तास लवकर या." कबड्डीवाल्याने सांगितलं!

आता मालक.

अण्णा होते तोवर मालक गल्ल्याशेजारी स्टुलावर बसलेला दिसायचा. ते मंगळूरकडे कायमचे गेल्यापासून धंदा दोन मुलांच्या हातात आहे. धाकट्याला मी बघितलंय, एकदा. थोरल्याला कुणीच बघितलेलं नाही. त्यांची ठाण्याला दुसरी मोठी जागा आहे म्हणे, लाउंज का काय ते. इथला कारभार सीसीटीव्हीवरून चालतो. कॅमेरे खाली तीन, वर एक, आणि वरचा नेमका आमच्या टेबलावर. गर्दी वाढली की गल्ल्यावरचा फोन वाजतो, मॅनेजर "हो शेठ, हो शेठ" करतो आणि पुढच्या आठवड्यात एक नवा नियम येतो. सामन्याच्या रात्री माणशी कमीत कमी आठशेचं बिल. दोन तासांनंतर टेबल रिकामं करा, आणि सामना अर्धी सुट्टी धरून दोन तासांचाच असतो, म्हणजे शेवटची शिट्टी वाजली की उठा. आणि सगळ्यात वर्मी लागलेला नियम: चकणा बंद. उकडलेले चणे, खारे शेंगदाणे, काकडी-गाजराचे काप, हे बसल्याबरोबर टेबलावर यायचं, न मागता. आता ते 'स्टार्टर प्लॅटर' या नावाने साठ रुपयांना मिळतं. चणे तेवढेच, प्लेट नवी.

धाकटा मालक त्या एका भेटीत म्हणाला, "मॅडम, टॅक्स बघा ना." कर वाढलाय हे खरंच आहे. राज्य सरकारने परमिट रूमवरचा व्हॅट, परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क असं तिन्ही बाजूंनी वाढवलं, आणि 14 जुलै 2025 ला राज्यभरच्या बार-परमिट रूमनी त्याविरुद्ध बंद पाळला. बिअर महाग केली तर मी समजू शकते. पण उकडलेल्या चण्यावर कुठलं उत्पादन शुल्क लागतं?

आणि तिकडे बघा. सर जिम रॅटक्लिफने फेब्रुवारी 2024 मध्ये युनायटेडचा पाव हिस्सा विकत घेतला, फुटबॉलचा कारभार हातात घेतला आणि काटकसर सुरू केली. आधी अडीचशे माणसं घरी बसवली. मग आणखी दोनशेपर्यंत जातील असं जाहीर केलं. ऐन हंगामात उरलेली तिकिटं 66 पौंडांना केली आणि मुलांची, म्हाताऱ्यांची सवलत काढून घेतली. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद केलं आणि त्याऐवजी फळं ठेवायचं ठरवलं. ही शेवटची बातमी दादाने चकण्याच्या प्लेटसमोर बसून मोठ्याने वाचली, तेव्हा खोलीत जो हशा झाला तो ऐकून मॅनेजर वर बघायला आला. "काय झालं?" म्हणाला. कुणी सांगावं त्याला!

तर आमच्याकडचा वाद हा असा दोन मजली आहे. टीव्हीवर युनायटेडचं काय चुकतंय आणि टेबलावर या जागेचं काय चुकतंय, हे दोन्ही एकाच दमात चालतं. आणि मला गंमत याची वाटते, की तीच माणसं दोन्हीकडे उलट बाजू घेतात.

दादाचंच घ्या. युनायटेडच्या बाबतीत तो पक्का मालकविरोधी. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब 790 दशलक्ष पौंडांना घेतला, बराचसा पैसा उसना काढला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं, हे तो ज्याला त्याला ऐकवतो, बिर्याणीवाल्या कुटुंबालासुद्धा. ज्या क्लबवर कर्ज नव्हतं त्याच्यावर ते विकत घेण्यासाठीच कर्ज चढलं. त्याविरुद्ध चिडलेल्यांनी त्याच वर्षी 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' हा वेगळा क्लब काढला. 2010 मध्ये लोक लाल सोडून हिरवे-सोनेरी मफलर घालून आले, कारण 1878 मध्ये क्लब 'न्यूटन हीथ' नावाने सुरू झाला तेव्हाचे रंग ते. 2021 मध्ये बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगचं फिसकटल्यावर मे महिन्यात लोक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. दादाकडे हिरवा-सोनेरी मफलर आहे. मुंबईत. मे महिन्यातसुद्धा तो गळ्यात असतो, घामाने थबथबलेला.

पण हाच दादा साठ रुपयांचं बिल आलं की मॅनेजरवर खेकसतो. "हा मोयेस आला आणि सगळी वाट लागली!" मी म्हटलं, अरे, चकणा त्याने बंद केला का? तर म्हणे, "मग सांगायचं ना त्याने मालकाला." बरं, मग आमोरीने सांगायचं होतं ग्लेझरला? यावर तो तीन बचावपटूंकडे वळतो.

ते तीन बचावपटू हा वेगळाच तमाशा. आमोरीने स्पोर्टिंग लिस्बनला दोनदा पोर्तुगालची लीग जिंकून दिली, पहिली 2021 मध्ये, तीही एकोणीस वर्षांच्या दुष्काळानंतर. ती याच रचनेवर: मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन. ती तो सोडायला तयार नव्हता. दादा टेबलावर चणे मांडतो, तीन चणे मागे. दोन्ही कडांना काकडी, म्हणजे डालो आणि डोर्गू. मध्ये दोन शेंगदाणे. "आता हे बघ, या दोन शेंगदाण्यांनी अख्खं मैदान सांभाळायचं. समोरच्याचे तीन आहेत." मग तो समोरच्याचे तीन शेंगदाणे सरकवतो आणि आमचा एक खाऊन टाकतो. दाखवायची पद्धत झकास आहे, आणि मुद्दाही खरा आहे. ब्रूनोला मागे खेळवलं की पुढे कुणी पास देणारा राहत नाही आणि पुढे ठेवलं की मधली भिंत कोसळते. पण मला विचाराल तर हंगामाच्या मध्यावर आलेल्या माणसाला दुसऱ्याने जमवलेली माणसं मिळाली. शेंगदाणे त्याने निवडले नव्हते.

2024-25 च्या लीगमध्ये अठरा पराभव, 42 गुण, पंधरावा नंबर. जानेवारीत ब्रायटनकडून घरच्या मैदानावर हरल्यावर आमोरी स्वतःच म्हणाला, की क्लबच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत वाईट टीम असेल. त्या रात्री आमच्या खोलीत मतं फुटली. दादाचा मित्र म्हणाला, असं मॅनेजरने बोलायचं नसतं, पोरांचं अवसान जातं. मला उलट बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी शोकेस पुसायचं सोडून कपाट उघडलं.

लिव्हरपूलवाले काका हे सगळं ऐकत हळूहळू सुरमई खातात. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे कर्ज हा शब्द आला की त्यांचे डोळे चमकतात. "तुमचं काही नवीन नाही," ते म्हणतात. "आमच्याकडे 2007 मध्ये हिक्स आणि जिलेट मालक म्हणून आले. साठ दिवसांत नव्या स्टेडियमचं फावडं जमिनीत घालतो म्हणाले. फावडं कुठे गेलं देव जाणे, कर्ज मात्र आमच्या वहीत आलं." ऑक्टोबर 2010 मध्ये प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि क्लब 300 दशलक्ष पौंडांना बॉस्टनवाल्यांकडे गेला. मधल्या मध्ये मॅनेजर रॉय हॉजसन सापडला. जुलैत आला, जानेवारीत गेला. "लोकांना राग मालकांचा होता," काका म्हणतात, "पण समोर उभा कोण? हॉजसन. त्याला सुखाने एक हंगाम मिळाला नाही."

दादा म्हणतो, "मग मालक गेले आणि दुसऱ्या दिवशी लीग जिंकलात का?"

"नाही. 2020 उजाडलं."

"दहा वर्षं!"

"पाया घालायला वेळ लागतो रे. क्लॉप 2015 ला मॅनेजर म्हणून आला, नऊ वर्षं राहिला. म्हणून तर त्याच्या जागी आलेल्या स्लॉटला पहिल्याच वर्षी लीग मिळाली." आणि मग काका हळूच जोडतात, "वीस-वीस लीग झाल्या आता. तुमच्या वीस, आमच्या वीस." एप्रिल 2025 मध्ये लिव्हरपूलने लीग खिशात घातली त्या रात्री काकांनी वरच्या सगळ्यांना, आम्हालासुद्धा, कोळंबी कोळीवाडा खिलवली. इतकी कडू कोळंबी मी आजवर खाल्लेली नाही, आणि मसाला अगदी बरोबर होता.

लालबागमध्ये मालक हा विषय निघाला की तो फुटबॉलपुरता राहत नाही. खाली एक आजोबा बसतात, रोज एक क्वार्टर, तीही अर्धी-अर्धी. गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर पुन्हा आत जाता आलं नाही त्यांतले. एकदा लाइट गेले म्हणून आम्ही सगळे खाली येऊन उभे होतो आणि दादाचं 'ग्लेझर हटाव' चालू होतं. आजोबा ऐकत होते. म्हणाले, "आम्ही पण घेराव मॅनेजरलाच घालायचो. तो केबिनमध्ये सापडायचा. मालक कुठला सापडतोय!" आणि परत ग्लासाकडे वळले. गल्ल्यावर आमचा मॅनेजर मेणबत्ती शोधत होता.

मुंबईत क्लबप्रेम करणाऱ्यांना तर मालकाबद्दल तक्रार करायचीही चैन परवडलेली नाही. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती, कूपरेजवर त्यांचे सामने बघितलेले लोक अजून आहेत. 2010 मध्ये कंपनीने टीमच बंद करून टाकली. ग्लेझरच्या नावाने बोंब मारायला निदान क्लब तरी शाबूत आहे.

आता 21 मे 2025 ची रात्र, कारण त्या रात्रीवरून या जागेला एक तारा देणारे पुष्कळ आहेत आणि मला ते पटत नाही.

युरोपा लीगची फायनल, बिल्बाओला, टॉटनमशी. आपल्याकडे सुरुवात रात्री साडेबाराला. परमिट रूम बंद व्हायची वेळ दीड. हिशेब कुणालाही करता येण्यासारखा होता, पण केला कुणीच नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच, की जुन्या फर्ग्युसनने अशा रात्री शटर अर्धं खाली ओढून दिवे मालवून सामना दाखवला असता. खाली-वर मिळून जागा खचाखच भरलेली. सव्वाएकच्या जरा आधी टॉटनमच्या ब्रेनन जॉन्सनने, म्हणजे धड त्यानेही नाही, आमच्या शॉच्या अंगाला लागून, बॉल कसाबसा आत ढकलला. 1–0. मग हाफ टाइम. आणि हाफ टाइममध्येच मॅनेजर वर आला. हात जोडले. "लास्ट ऑर्डर झाली. दीडला बंद."

जे काही म्हणून त्याला बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादाचा मित्र म्हणाला, शेठला फोन लाव. त्याने लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. थोरल्याने उचलला नाही. धाकट्याने उचलला आणि म्हणाला, "तुम्ही बघून घ्या ना, तुम्ही मॅनेजर आहात," आणि ठेवला. म्हणजे चालू ठेवलं आणि पोलिस आले तर मॅनेजर आत, बंद केलं तर शिव्या मॅनेजरला. परवान्यावर नाव कुणाचं? मालकाचं. त्याने टीव्ही बंद केला.

दुसरा हाफ आम्ही फुटपाथवर बघितला, दादाच्या फोनवर, बंद शटरला टेकून. त्या फोनला कोपऱ्यात तडा आहे, त्यामुळे डावीकडचा गोलपोस्ट कायम तुटलेला दिसतो. आमच्या हॉयलुंडचं हेडर गोलरेषेच्या आत जातंय जातंय म्हणताना टॉटनमच्या व्हॅन डे व्हेनने हवेत आडवं होऊन पाय घातला, ते आम्ही त्या तड्यातून पाहिलं आणि अर्धे लोक गोल झाला म्हणून ओरडले. वरच्या खिडकीतून एका बाईंनी आमचा उद्धार केला. मॅनेजर गेला नव्हता. मागच्या दाराने बाहेर आला, पाण्याच्या दोन बाटल्या आणि उरलेल्या चण्यांची पिशवी घेऊन, आणि आमच्या मागे उभा राहिला. शिट्टी वाजल्यावर विचारलं, "हरले?" दादाने मान हलवली. "मग आता तुमच्या मॅनेजरला काढणार?"

दादा काही बोलला नाही. खरं म्हणजे नंतर काढलं ते जिंकलेल्याच्या मॅनेजरला. पोस्टेकोग्लूने टॉटनमला 2008 नंतरचा पहिला चषक दिला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याला घरी पाठवलं, लीगमध्ये सतरावा नंबर आला म्हणून. आमचा पंधराव्या नंबरवाला मात्र तेव्हा राहिला. याचा अर्थ लावायचा प्रयत्न वरच्या खोलीत अजून चालू आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. बोंबील फ्राय 340 रुपये, कुरकुरीत, आतून लोण्यासारखे, आणि रव्याचं चिलखत न घालता तळलेले. हेच मागवा. चिकन सुक्का नारळाचा, तिखट, नीर डोशाबरोबर चांगला लागतो, पण नीर डोसे गार येतात, रविवारी तर नक्कीच. चायनीज मागवू नका. सुरमई ताजी आहे का हे वेटरला विचारून उपयोग नाही, काकांना विचारा. 2025 च्या श्रावणात चणा कोळीवाडा आणि मश्रूम घी रोस्टही चाखून झाले: पहिला चांगला, दुसरा नुसताच लाल.

श्रावणाचा एक फायदा सांगते. खाली निम्मी टेबलं रिकामी असतात, त्यामुळे आठशेच्या नियमावर कुणी अडून बसत नाही आणि ताक-सोड्यावर तीन तास काढता येतात. 2025 मध्ये लिव्हरपूलचा हंगाम 15 ऑगस्टला सुरू झाला, रात्री साडेबाराला. त्या दिवशी ड्राय डे, जागा बंद. काका घरी बघणार होते आणि काकूंना तोवर सांगितलेलं नव्हतं. आमचा पहिला सामना 17 ला, रविवारी रात्री 9 वाजता, आर्सेनलशी. दहीहंडी आदल्या दिवशी आटोपलेली, रस्ते मोकळे. कुन्हा, म्ब्यूमो, शेश्को असे पुढचे तीन जण नवे आणले होते, म्हणजे तेव्हा शेंगदाणे आमोरीच्या पसंतीचे होते आणि दादाला नवी सबब शोधावी लागणार होती. युरोपातल्या कुठल्याच स्पर्धेत आम्ही नसल्यामुळे त्या हंगामात मध्यरात्रीच्या शटरचा प्रश्न फारसा येणार नव्हता. पंधराव्या नंबरचा एवढा तरी उपयोग.

वरचं टेबल हवं असेल तर शनिवारी दुपारी गल्ल्यावर फोन करून सांगून ठेवा, मॅनेजर कॅलेंडरच्या त्याच पानावर नाव लिहून ठेवतो. जिन्याजवळचं घेऊ नका, वेटर सारखा डोक्यावरून जातो. बिल आलं की 'स्टार्टर प्लॅटर' मागवली नव्हती असं शांतपणे सांगा. तो पेन काढून साठ रुपये खोडतो. फक्त त्या वेळी गल्ल्यावरचा फोन वाजत नसावा.